पैंजणापाशी थांबणारी चरबी आणि पिशवीभर बाटल्या

पायात पैंजण जिथे बसतं, बरोबर तिथपर्यंत आमच्या वन्संच्या पायावर चरबी आहे. त्याच्या खाली एकदम पाऊल सुरू होतं. बारीक, शिरा दिसणारं, जणू दुसऱ्याच कुणाचं. घोट्याच्या वर चरबीची वळी आहे, कुणी पायात घट्ट कडं घातल्यासारखी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हे पाय बघतेय. मी शिकून फार्मसिस्ट झालेली, दादर पश्चिमेला मेडिकलच्या काउंटरवर रोज उभी राहणारी, तरी त्या वळीचा अर्थ मला कित्येक वर्षं कळला नाही. वन्सं मात्र पंचवीस वर्षं एकच वाक्य ऐकत आल्या, 'जरा खाणं कमी करा.' त्यांनी ते केलं. गाल बसले, गळ्याची हाडं दिसायला लागली, ब्लाउज चार वेळा आत घेतले. पाय होते तसेच राहिले.

या आजाराचं नाव लिपिडिमा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अॅलन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी १९४० मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, त्याची स्वतंत्र नोंद आहे. हा जवळपास फक्त बायकांना होतो. वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना तो डोकं वर काढतो किंवा वाढतो, त्यामुळे हार्मोन्सचा हात त्यात नक्की दिसतो. बऱ्याच घरांत आई, मावशी, मुलगी असा चालतही येतो. कंबरेखाली, मांड्यांवर, पोटऱ्यांवर आणि काहींच्या दंडांवर चरबी साठते. दोन्ही बाजूंना सारखीच. ती दाबली की दुखते. कशाचा धक्का लागला ते आठवतही नाही, पण मांडीवर काळंनिळं पडलेलं असतं. वन्सं मुलुंडहून लोकलने यायच्या. सीटच्या कडेचा नुसता धक्का लागला तरी संध्याकाळी गुडघ्याच्या वर जांभळा डाग.

आत काय चाललेलं असतं? चरबीच्या पेशी आकाराने मोठ्या होतात, त्यांच्या मधली जाळी हळूहळू कडक होत जाते आणि बारीक केशवाहिन्या नाजूक होतात. हात फिरवला तर कातडीखाली आधी साबुदाण्यासारखे, पुढे वाटाण्यासारखे दाणे लागतात. पोटावरची साधी चरबी उपास केल्यावर जशी वापरली जाते तशी ही जात नाही. म्हणून वजनकाट्यावर १० किलो उतरले तरी सलवार मांडीला तेवढीच घट्ट. लिपिडिमा असलेल्या बाईला साधा लठ्ठपणाही असू शकतो, आणि तो कमी केला तर गुडघे, साखर, दम या सगळ्याला आराम पडतो. तेव्हा वजन उतरवणं फुकट नाही. पण पाय उतरले नाहीत म्हणून 'तुम्ही चोरून खाता' असं त्या बाईला म्हणणं हा अन्याय आहे. हे मी काउंटरवर पलीकडच्या बाईलाही सांगते आणि तिच्या सोबत आलेल्या नवऱ्यालाही.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो, हत्तीपायाचा. हत्तीपाय किंवा लिम्फिडिमा म्हणजे लसिकेचा, लिम्फचा (पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा) निचरा तुंबणं. तो बहुधा एका पायाला जास्त असतो आणि पाऊलही सुजतं. घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघा. सहज उचलली जात असेल तर तो लिम्फिडिमा नसण्याची शक्यता जास्त. जाड होऊन चिमटीत येतच नसेल तर डॉक्टरांकडे लगेच जा. नक्की निदान मात्र डॉक्टरांच्याच हातचं. व्हॅस्क्युलर सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा लिम्फिडिमाचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट हे ओळखू शकतात.

वन्संना हे नाव मागच्या दिवाळीत मिळालं, आणि नाव मिळाल्यावर सगळे करतात तेच त्यांनी केलं. फोनवर शोधलं. आठवड्याभराने साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या आणि ती जेवणाच्या टेबलावर उपडी केली. अकरा बाटल्या.

"वन्सं, यातल्या रोज किती घेता?"

"अगं, सगळ्याच. सकाळच्या चहाबरोबर एकदम घेऊन टाकते. विसरायला नको."

त्या दिवशी आम्ही चष्मे लावून बसलो आणि एकेक बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. तुम्हीही आधी हेच करावं असं मला कळकळीने वाटतं, म्हणून मागे काय बघायचं ते सांगते. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, चिन्ह आणि १४ आकडी नंबर असेल तर ती वस्तू कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नाही. तिच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ असते. अशी वस्तू 'अमुक आजार बरा करते' असं म्हणूच शकत नाही. औषधाला आजारावर उपयोग होतो हे चाचण्यांतून दाखवावं लागतं, सप्लिमेंटला ती पायरी चढावी लागत नाही. मग आतल्या घटकांचा तक्ता बघायचा, आणि तोही सगळ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून. कारण गडबड एका बाटलीत क्वचित असते. ती बेरजेत असते.

आमची बेरीज अशी निघाली. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ड जीवनसत्त्व ६०० युनिट. कॅल्शियमच्या गोळीत आणखी ६००. भाच्याने परदेशातून आणलेल्या कॅप्सूलमध्ये ५,०००. शिवाय डॉक्टरांनी हाडांसाठी लिहून दिलेलं ६०,००० युनिटचं आठवड्याचं सॅशे, म्हणजे दिवसाला साधारण ८,५७०. एकूण रोजचे जवळजवळ १४,८०० युनिट. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आणि देखरेखीशिवाय घ्यायची वरची मर्यादा ४,००० धरतात. डॉक्टर कमतरता भरून काढायला काही आठवडे जास्त देतात ते रिपोर्ट बघून आणि मुदत घालून. पण वन्संच्या डॉक्टरांना बाकीच्या तीन बाटल्यांचा पत्ताच नव्हता. ड जीवनसत्त्व जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि पुढे मूत्रपिंडाला त्रास. ते ६०,०००चं सॅशे आठवड्यातून एकदाच असतं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पाकिटावर वार लिहून सांगते. रोज घेणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

म्हणजे ड जीवनसत्त्व नको का? हवं, कमी असेल तर हवंच. मुंबईत ऊन रग्गड, पण आपण उन्हात असतो कधी? घरातून रिक्षा, रिक्षातून लोकल, लोकलमधून ऑफिस. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, आणि अंगावर चरबी जास्त असली की त्यातलं बरंचसं तिच्यातच मुरून बसतं, रक्तात कमी दिसतं. म्हणून लिपिडिमाच्या बायकांत ते कमी निघालं तर नवल नाही. कमतरता भरली की थकवा आणि अंगदुखी कमी होऊ शकते. पायावरची चरबी त्याने वितळत नाही. बी-१२ आणि लोहाचंही तसंच. शाकाहारी घरात बी-१२ कमी असतं, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घसरतं. मुंग्या, जळजळ, गळून गेल्यासारखं वाटणं, हे सगळं 'पायाच्या आजाराचंच' म्हणून खपून जातं आणि बी-१२ कुणी तपासतच नाही.

बाटल्यांमध्ये केसांसाठीच्या गमी होत्या, रंगीत, चघळायच्या. त्यात १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन. रोजची गरज फार तर ३०-४० मायक्रोग्रॅमची. बायोटिन अंगाला सहसा बाधत नाही, पण लॅबमधल्या तपासण्यांना बाधतं. थायरॉइडचा रिपोर्ट त्याने चुकीचा येऊ शकतो, अगदी थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो, आणि त्यावरून कुणी चालू गोळीचा डोस कमी केला तर खरी अडचण होते. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही त्याने फसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी अशा गोळ्या बंद ठेवायच्या आणि लॅबवाल्यांना तसं सांगायचं. वन्संना थायरॉइड आहे. त्यांची थायरॉइडची गोळी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांबरोबर एकाच घोटात पोटात जात होती. या दोन्ही गोळ्या थायरॉइडची गोळी नीट शोषू देत नाहीत, मध्ये चार तासांचं अंतर लागतं. म्हणजे पायासाठी घेतलेल्या बाटल्यांनी गळ्याच्या आजाराचं औषध निकामी करायला घेतलं होतं. हे बघून मला खरंच रडू आलं.

आता लिपिडिमासाठी म्हणून जी नावं फिरतात त्यांच्याकडे वळू.

सेलेनियम. शरीराला ते लागतं, पण अगदी चिमूटभर. आपल्याकडे रोजची शिफारस ४० मायक्रोग्रॅमची आहे. लिम्फची सूज उतरावी म्हणून त्याचे छोटे प्रयोग झाले आहेत, त्यावरून ते लिपिडिमाच्या यादीत आलं. पण सेलेनियममध्ये पुरेसं आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं आहे. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होऊन तुटतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ माणसं आजारी पडली. वन्संच्या बाटलीत एका गोळीत २०० मायक्रोग्रॅम होतं, मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळं. केस गळतात म्हणून त्या गमी खात होत्या. केस सेलेनियममुळेच गळत होते असं मी म्हणणार नाही, पण ती बाटली मी त्याच दिवशी बाजूला काढली.

डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या सगळ्यात मला त्यातल्या त्यात अर्थ दिसतो तो इथे. ही संत्र्या-मोसंब्याच्या जातीच्या फळांच्या सालीतून येणारी द्रव्यं. ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन अशी ५०० मिलिग्रॅमची गोळी मूळव्याधीसाठी आणि पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्ससाठी, आमच्याकडे रोज जाते. शिरांच्या भिंती ती थोड्या आवळते आणि केशवाहिन्यांतून झिरपणं कमी करते. शिरांच्या आजारात पायाचा जडपणा आणि सूज तिने कमी होते हे अभ्यासांत दिसलेलं आहे. लिपिडिमाच्या कितीतरी बायकांना शिरांचाही त्रास असतो. त्यांचा संध्याकाळचा जडपणा तिने हलका होऊ शकतो. पण ती शिरांवर काम करते, चरबीच्या पेशीवर नाही. मापाची पट्टी तिने हलेल अशी आशा धरून पैसे घालू नका. फरक कळायला काही आठवडे जातात, काहींचं पोट बिघडतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. याच कामासाठी पूर्वी कुमारिन नावाचं द्रव्य दिलं जायचं. त्याने काहींचं लिव्हर खराब झालं आणि काही देशांनी ते बंद केलं. 'झाडापासूनचं आहे, म्हणजे निर्धोक' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

ओमेगा-३ ची कॅप्सूल १,००० मिलिग्रॅमची म्हणून विकली जाते. मागे वाचा. हा १,००० चा आकडा माशाच्या तेलाचा. त्यात कामाचे ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. दाह कमी व्हावा म्हणून हे घेतात. लिपिडिमात त्याने ठोस फरक पडतो असं दाखवणारा मोठा अभ्यास नाही, हृदयासाठी मात्र मासे चांगलेच. आणि मासे खाणाऱ्या मुंबईकराला बांगडा, तारली, पेडवे असताना कॅप्सूल कशाला? पापलेट-सुरमईपेक्षा हे स्वस्त, आणि त्यांत हे तेल भरपूर. आठवड्यातून दोनदा तारलीचं तिखलं करा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी आणि अक्रोड आहेत. त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए फार थोडं होतं, तरी ती चटणी खायची चांगलीच गोष्ट आहे.

हळदीचं कर्क्युमिन हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं आणि आतड्यातून फार कमी शोषलं जातं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पिपरीनबरोबर दिलं तर ते कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये दोन्ही घालतात. पण असं जोरदार शोषण होणाऱ्या कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आता वेगवेगळ्या देशांतून आहेत. आमटीतली हळद आणि ही कॅप्सूल एकच समजू नका. आमटी निश्चिंत खा. कॅप्सूल घेत असाल आणि लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर ती तिथल्या तिथे थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

'फॅट बर्नर' लिहिलेलं काहीही मला घरात नको आहे. त्यात बहुतेकदा ग्रीन टीचा कडक अर्क असतो आणि गार्सिनियाचा. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ. सोलकढी बिचारी निरुपद्रवी, पण या अर्काच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच, दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजीच्या (ग्रीन टीतल्या मुख्य द्रव्याच्या) पुढे लिव्हरच्या तपासण्या बिघडतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. आणि 'पाणी उतरवायची' म्हणून लघवीची गोळी मनाने घेऊ नका. ही चरबी आहे, पाणी नव्हे. गोळीने पोटॅशियम उतरेल, चक्कर येईल, पाय तसाच राहील.

मग अकरापैकी राहिलं काय? आधी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व, बी-१२, फेरिटिन (साठलेलं लोह), थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिव्हर, किडनी. गमी बंद करून तीन दिवसांनी. बी-१२ कमी निघालं, ते सुरू झालं. ड आता पुरेसं होतं, मग डॉक्टरांनी सॅशेही थांबवलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर गेलं. डायोस्मिन डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांसाठी. बाकीच्या बाटल्या गेल्या.

जे पैसे वाचले ते मोज्यांत गेले. लिपिडिमात दुखणं कमी करायला हातात असलेलं सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे मापाने करून घेतलेले कॉम्प्रेशन स्टॉकिंग, पायाला दाब देणारे घट्ट मोजे. मुंबईच्या उकाड्यात ते घालणं म्हणजे शिक्षा वाटते, खोटं कशाला बोलू. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, पाय कोरडे असताना, रबरी हातमोजे घालून चढवायचे. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात वन्सं दुपारी दोन तास काढून ठेवतात. दोन जोड लागतात, कारण घामाचा जोड रोज धुवावा लागतो आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. दुसरं म्हणजे पाण्यात चालणं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, म्हणजे गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की घोट्याला सगळ्यांत जास्त दाब मिळतो आणि वर कमी होत जातो. मोजेही असेच विणलेले असतात. शिवाय पाण्यात गुडघ्यांवर भार नाही. पोहता येत नसलं तरी चालता येतं.

जेवणात त्यांनी चपात्या चाराच्या दोन केल्या, भात एकवेळ, आणि ताटात उसळ, अंडी, मासे वाढवले. नॉर्वेत लिपिडिमाच्या बायकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे कमी कर्बोदकांचं जेवण घेणाऱ्या गटाचं दुखणं कमी झालं होतं. त्यावरून सगळ्यांनी कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा आहार, करावा असं मी सांगणार नाही, आणि साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भात-पोळी एकदम तोडूही नका.

एक गोष्ट मात्र मी वन्संकडून हट्टाने करून घेतली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकाची नोंद. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. महिन्यातून एकदा, सकाळी, घोट्यापासून १० आणि ३० सेंटिमीटरवर टेपने माप. जानेवारीच्या पानावर सात आणि आठ आहेत. मोजे आले फेब्रुवारीच्या मध्यावर, तिथून सहा, पाच, मध्येच पाळीच्या आधी पुन्हा आठ. डायोस्मिन एप्रिलमध्ये सुरू केलं, त्या पानावर पाच आणि चार. टेपवरची मापं तसूभर हलली नाहीत. वन्सं त्या मापांकडे बघतच नाहीत आता. परवा मुलुंड स्टेशनचा जिना मध्ये न थांबता चढल्या म्हणून त्यांनी मला फोन केला.